आमाले कोनी इचारलं

माझी माय पडद्यावर होती आणि हॉल हसत होता.

कॉलेजचा सेमिनार हॉल. समोर भिंतभर पडदा. त्यावर मायचा चेहरा इतका मोठा झालेला की हनुवटीवरचं गोंदण मागच्या रांगेतूनही दिसावं. तिच्या हातात कुणीतरी दिलेला मोबाइल. ती बोट दाबते, काही होत नाही. कापूस वेचून, निंदण करून तिच्या बोटांची कातडी जाड झाली आहे, काचेला ते बोट कळतच नाही. ती बोट पदराला पुसते आणि पुन्हा दाबते. मग फोनवर अक्षरं येतात: या ठिकाणी नळ नोंदवलेला नाही. माय ती अक्षरं मोठ्यानं वाचते, अडखळत, पण पूर्ण वाचते. मग फोनकडंच बघून म्हणते, "अवं बाई, आमी इथंच हाओत ना."

हॉल हसला. मागच्या बाकावरच्या एका पोरानं मायचं वाक्य तिच्याच सुरात म्हणून दाखवलं. हॉल पुन्हा हसला.

पडद्याच्या खाली इंग्रजीत एक पट्टी होती. तिचा अर्थ असा, की ही निरक्षर आणि तंत्रज्ञानाला घाबरणारी वापरकर्ती आहे. माझी माय सातवी शिकलेली आहे. त्या सगळ्यांच्या समोर तिनं आत्ताच वाचून दाखवलं होतं.

व्यासपीठावर मृणाल उभी होती. माझ्याबरोबर पीएच.डी. करणारी, बुलढाण्यातल्या एका डॉक्टरांची मुलगी. हातात लेझरचा लाल ठिपका. ठिपका मायच्या बोटावर फिरत होता. पुढच्या रांगेत आमचे विभागप्रमुख बसले होते. तेच माझे गाइड. ते खूश होते. म्हणाले, "ही क्लिप पुण्यात चालणार. लोक लक्षात ठेवतील."

पुण्याला सॉफ्टवेअरची एक मोठी परिषद होती. तिथं वाचायच्या पेपरची ही तालीम होती. पेपर माझा होता. ते काम मी केलं होतं, ते इंग्रजी मी शब्दकोश घेऊन जोडलं होतं. आणि हा व्हिडिओ मी पहिल्यांदा बघत होते.

मी उभी राहिले. "सर, मी सांगतो. हे असं नाही..."

रागात तोंडातून निघून गेलं. आमच्याकडं बायाही मी जातो, मी येतो असंच बोलतात. माय तसंच बोलते, आजी तसंच बोलायची. कॉलेजात आल्यावर मी 'सांगते' शिकले होते, 'जाते' शिकले होते. वर्षानुवर्षं जीभ सांभाळली होती. त्या क्षणी सुटली.

सर वळले. माझ्याशी नाही, हॉलशी बोलले. "सांगतो म्हणते ही. आधी ठरव बाई, तू बाई आहेस की बाप्या. पुणं नंतर बघू."

पोरं बाकं वाजवायला लागली. ही पोरं आठवड्यातून चार दिवस माझ्या तासाला बसत होती.

सरांनी हात वर करून त्यांना गप्प केलं आणि मला म्हणाले, "परत म्हण. सां-ग-ते."

ते खरंच थांबले. हॉल थांबला. मृणालनं मान खाली घातली, पण लेझर बंद केला नाही. मायचा चेहरा पडद्यावर तसाच थिजलेला, तोंड अर्धवट उघडं. मी तो शब्द म्हटला नाही.

"बस खाली," सर म्हणाले. "तुझं काम माहिती आणायचं होतं. ते झालं. बोलायला माणसं आहेत."

हे इथवर कसं आलं ते आता सांगते.

मी चिखली तालुक्यातली. उंद्रीच्या पुढं आमचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही, कारण माय अजून तिथंच राहते. आमची बौद्धांची वस्ती नाल्याच्या पलीकडं. वडील नांदुऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे, मी बारावीत असताना गेले. मायनं मला शिकवलं. कसं शिकवलं ते इथं सांगत नाही. ती गोष्ट ऐकून लोकांना भरून येतं, आणि भरून आलेल्या माणसाला पुढचं ऐकू येत नाही.

मी कॉम्प्युटरची इंजिनिअर झाले, पुढं एम.टेक. केलं, जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात कंत्राटावर शिकवायला लागले आणि तिथंच पीएच.डी.ला नाव घातलं. विषय घेतला रिक्वायरमेंट इंजिनिअरिंग. नाव जड आहे, गोष्ट साधी आहे. सॉफ्टवेअर बांधायच्या आधी ते ज्यांच्यासाठी बांधायचं त्यांना विचारायचं, तुम्हाला काय पाहिजे, तुमचं कुठं अडतं. त्यांचं म्हणणं नीट उतरवून घ्यायचं. ह्या विचारण्याचं एक अख्खं शास्त्र आहे. त्याची पुस्तकं आहेत, परिषदा आहेत, त्यात आयुष्य घालवलेली माणसं आहेत. मला हे कळलं तेव्हा मी वर्गात बसल्या बसल्या चकित झाले होते. माणसाला विचारावं कसं, यावर एवढा विचार केलाय जगानं. आमच्या वस्तीपर्यंत त्यातलं काहीच पोचलं नव्हतं.

आमच्या विभागाला एक काम मिळालं. गावोगावच्या पाण्याच्या तक्रारी मोबाइलवरून करता याव्यात, असं ॲप बनवायचं. गावांच्या यादीत आमचं गाव निघालं. सर म्हणाले, तू चल, तुला रस्ता माहीत असेल. सर, मृणाल, लॅपटॉपवाली दोन पोरं आणि मी.

गाडी थेट माजी सरपंचांच्या दारात थांबली. गाव त्यांना अण्णा म्हणतं. ओसरीवर खुर्च्या मांडलेल्या, कूलर लावलेला. ते घर मला माहीत होतं, पण मागच्या बाजूनं. गोठ्याच्या बाजूनं. पुढच्या ओसरीवर मी त्या दिवशी पहिल्यांदा बसले.

सर विचारत होते, अण्णा सांगत होते. पाणी कधी येतं, कोण सोडतं, तक्रार कोण करील. मग अण्णांनी कागदावर गावचा नकाशा काढला. टाकी, देवळापाशी नळ, चौकातला नळ, शाळेजवळचा नळ. पेन नाल्यापाशी येऊन थांबलं. एक पोरगा ते बघून लॅपटॉपवर भरत होता.

मी म्हणाले, "अण्णा, नाल्यापल्याडचा नळ राह्यला."

तेव्हा त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "तू कोनाची व?"

मी सांगितलं. ते हसले आणि सरांकडं झुकून म्हणाले, "यमुनीची पोट्टी. हिची माय आमच्या गोठ्यात शेन काढे. पाह्या साहेब, कुठं येऊन बसली."

सरही हसले. कानकोंडा होऊन माणूस हसतो तसं नाही, मनापासून हसले. दोघांची ओळख त्या हसण्यातच पक्की झाली. मग अण्णा त्या पोराला म्हणाले, "तो नळ कायले लिवता? तिकडच्या लोकाईले तक्रारीबिगर दुसरं कामच नाही."

पोराची बोटं लॅपटॉपवर थांबली होती. त्यानं सरांकडं पाहिलं. चहा आला. नळ लिहिला गेला नाही. जाताना मी पुन्हा आठवण केली तर सर गाडीत म्हणाले, "तू इथं टीमची म्हणून आलीस. वस्तीची पुढारी म्हणून नाही."

ॲप तयार झालं. त्याचं कौतुक झालं, वर्तमानपत्रात फोटो आला.

उन्हाळ्यात आमच्या वस्तीचा नळ आटला. बायांनी तक्रार करायला ॲप उघडलं. नाल्यापलीकडं उभं राहून काहीही दाबलं तरी ते एकच सांगायचं, या ठिकाणी नळ नोंदवलेला नाही. तक्रार जाईना. गावातून तक्रार नाही, म्हणजे गावात सगळं ठीक, असं वरच्या कचेरीत समजलं गेलं. टँकर आला नाही. बाया दूरच्या एका शेतातल्या विहिरीवरून पाणी आणायला लागल्या. विहिरीचा मालक शिव्या द्यायचा, पण भरू द्यायचा. त्या उतारावर कौसामावशी हंड्यासकट घसरली. तिची कंबर गेली. आमच्या शेजारची बाई, लग्नात नाचायची. आता काठीनं चालते.

मी कौसामावशीच्या खाटेपाशी बसले होते तेव्हा मला हा पेपर सुचला. सुचला म्हणण्यापेक्षा, मला दुसरं काही करता येत नव्हतं.

मी वस्तीतल्या बायांकडं गेले. विहारात बसलो, दारात बसलो, कापूस वेचता वेचता बोललो. तुम्हाला काय पाहिजे होतं, काय झालं, कुणी आलं होतं का विचारायला. माय पाटीत कापूस टाकता टाकता म्हणाली, "आमाले कोनी इचारलं?" राग नव्हता तिच्या बोलण्यात. रोजचं बोलणं होतं ते. मला त्याचीच चीड आली.

मी लिहिलं, की ॲपमध्ये बिघाड नाही. जे सांगितलं ते त्या पोरांनी बरोबर बांधलं. चूक त्याच्या आधी झाली. विचारणारे कुठं बसले, कुणाच्या ओसरीवर बसले, कुणाला विचारलं आणि कुणाचं बोलणं ऐकूनही लिहिलं नाही, तिथं चूक झाली. आणि तिचं कारण जात आहे. हा शब्द मी लिहिला. इंग्रजीतही तो तेवढाच छोटा असतो.

पेपर सरांना दिला. त्यांनी उभ्या उभ्या पानं उलटली. "हे इंजिनिअरिंग नाही," म्हणाले, "हे रडगाणं आहे. जयंतीच्या भाषणात वाच." आणि टेबलावर टाकला. पेपर सरकत जाऊन खाली पडला. मी वाकून उचलला. ते फोनवर बोलायला लागले होते.

पुण्याच्या परिषदेची तारीख जवळ आली. मृणालचं लिहून झालं नव्हतं. विभागाकडून काहीतरी जाणं भाग होतं. तेव्हा सरांनी मला बोलावलं. ते तुझं जे काय आहे ते पाठवून दे, म्हणाले. पहिलं नाव त्यांचं, दुसरं मृणालचं, तिसरं माझं. गाइडचं नाव असतंच, असं सगळे सांगतात. मी पाठवला. परिषदेच्या पोर्टलवर खातं उघडायचं, फाइल चढवायची हे सगळं मीच केलं, माझ्या ईमेलवरून. त्या कटकटीत कुणाला पडायचं नव्हतं.

अशा परिषदेत परीक्षकाला लेखक कोण ते कळू द्यायचं नसतं. म्हणून नावं काढायची, कॉलेज काढायचं, गावाचं नाव काढायचं. ज्यांना विचारलं त्यांचीही नावं काढायची. कौसामावशी झाली सहभागी क्रमांक दोन. माय झाली सहभागी क्रमांक चार.

पेपर स्वीकारला गेला.

तीन परीक्षक होते. एकानं माझ्या इंग्रजीला नावं ठेवली, त्याचं बरोबर होतं. दुसऱ्यानं थोडक्यात हो म्हटलं. तिसऱ्यानं लांब लिहिलं होतं. त्यात एक प्रश्न होता, की लेखकांपैकी कुणी हे स्वतः जगलेलं आहे का. स्टाफरूममध्ये मी तो प्रश्न कितीतरी वेळ वाचत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं आडनाव न बघता माझं काम वाचलं होतं. आणि हो म्हटलं होतं.

पेपर छापायला देताना नावं परत घालतात. आडनावं दिसायची वेळ आली तसं सगळं फिरलं.

सरांनी विभागात पेढे वाटले. आपला पेपर, असं म्हणाले. अंतिम प्रत मी बघतो, आयोजकांना ईमेलनं मीच पाठवतो, असंही म्हणाले. ती प्रत मला दिसली तेव्हा तिच्यात जात नव्हती. तिथं 'काही वापरकर्ता गट' होतं. ओसरी नव्हती. अण्णा नव्हते. शीर्षकच बदललं होतं. आधी प्रश्न होता, कुणाला विचारलं. आता विषय होता, ग्रामीण वापरकर्त्यांच्या अडचणी. म्हणजे न विचारणारे सुटले आणि ज्यांना विचारलं नाही त्याच अडाणी ठरल्या. माझं नाव तिसऱ्या जागेवरूनही गेलं होतं. शेवटी आभार मानतात तिथं होतं, माहिती गोळा करण्यात मदत केल्याबद्दल.

मी विचारलं तर सर म्हणाले, परिषदेला असंच लागतं, तुला अनुभव नाही. मृणाल वाचेल, तुझं इंग्रजी कुणाला कळत नाही. बाकीचं तालमीनंतर बोलू.

तालमीत काय झालं ते वर लिहिलंच आहे.

हॉलमधून निघून मी पार्किंगच्या मागं गेले आणि मायला फोन लावला. कॉलेजातून कुणी आलं होतं का घरी, असं विचारलं.

"हाव, आलते ना," माय म्हणाली. "ते पोरगी आन् एक कॅमेरावाला. तूच धाडलं म्हने. मंग मी ते चांगलं लुगडं नेसली. चहा ठेवला, पन प्याले नाही ते." आणि मग, "चांगला निंगाला का व व्हिडिओ?"

मृणाल तिला सांगत होती, परत दाबा काकू, आणखी एकदा दाबा. माय मला म्हणाली, बोट दुखलं, पण तुझ्या अभ्यासाचं काम होतं.

मी म्हणाले, "हासले माय ते."

ती रडली नाही. तिच्या मागं कुणाची तरी बकरी ओरडत होती. मग तिनं विचारलं, "मंग तू काय केलं?"

मी गप्प बसले होते हॉलमध्ये, 'सांगते' म्हटलं नाही एवढंच. ते पुरेसं आहे असं मला त्या वेळी वाटलं होतं. मायच्या प्रश्नानं ते समाधान उतरलं. मी फोन ठेवला आणि सरळ सरांच्या केबिनमध्ये गेले.

मृणाल तिथंच बसलेली होती. सर चांगल्या मनःस्थितीत होते. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "बरं झालं आलीस. तूही चल पुण्याला. स्टेजवर नको, पोस्टरपाशी उभी राहा. त्या वस्तीतली मुलगी प्रत्यक्ष समोर असली की वजन पडतं. साधी साडी नेस. ड्रेस नको."

त्यांना ह्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला कुठं उभं करायचं ते त्यांनी प्रोजेक्टर कुठं ठेवायचा ते ठरवावं तसं ठरवलं होतं.

मी म्हणाले, व्हिडिओ काढा. ती माझी आई आहे, तिला खोटं सांगून तो घेतलाय. आणि पेपर होता तसा करा.

मृणाल म्हणाली, "अगं, डेमो आहे तो. तू उगाच मनाला लावून घेतेस." ती खरंच समजूत काढत होती. तिला खरंच कळत नव्हतं. त्या क्षणी मला तिचा सरांपेक्षा जास्त राग आला.

सर खुर्चीत मागं रेलले. "तुझी पीएच.डी. माझ्या सहीवर आहे," म्हणाले. "तुम्हा लोकांचं हेच. दार उघडून आत घेतलं, की लगेच खुर्ची पाहिजे."

तुम्हा लोकांचं. एवढी वर्षं ते शब्द त्यांच्या तोंडात येऊन थांबलेले मी पाहिले होते. आज आले.

"खुर्ची तुमची राहू द्या," मी म्हणाले. "पेपर मी काढून घेतो."

'घेतो' म्हणाले. ह्या वेळी जीभ सुटली नव्हती. सर हसले, म्हणाले, पेपर विभागाचा आहे, तू कोण काढणार. पण पोर्टलवरचं खातं माझं होतं हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. तोवर मी बाहेर पडले होते.

स्टाफरूममध्ये चारदोन लोक डबा खात होते. मी लॅपटॉप उघडला. परिषदेच्या आयोजकांना माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं, की ज्या बायांशी मी बोलले त्यांचं म्हणणं ह्या पेपरात उलटं केलं गेलं आहे, त्यातल्या एकीचा व्हिडिओ फसवून घेतला आहे, आणि हे पाठवणारी म्हणून मी तो मागं घेते. तिसऱ्या परीक्षकाच्या प्रश्नाचं उत्तरही लिहिलं. हो, जगलेलं आहे. मग पेपर मागं घ्यायचं बटण दाबलं. ते विचारतं, तुमची खात्री आहे का. माझ्या आयुष्यातला तो एकच स्वीकारला गेलेला पेपर होता. मी खात्री आहे म्हटलं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं चांगलं काही नाही.

सरांनी आयोजकांना कळवलं, की मुलीच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, तिच्याकडं लक्ष देऊ नका. त्याची प्रत मलाही पाठवली, मुद्दाम. आयोजकांनी उत्तर दिलं, की लेखकांमध्ये वाद असल्यानं पेपर घेता येणार नाही. तिथं ते संपलं. व्हिडिओचं काय, बायांचं काय, हे कुणी विचारलं नाही. विचारण्याच्या शास्त्राची परिषद होती ती.

सरांनी मला विद्यार्थी म्हणून सोडलं. मी दुसऱ्या गाइडकडं गेले. त्यांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, पोरी, तुझं खरं आहे, पण मला इथंच निवृत्त व्हायचंय. आणखी एका बाईंनी फोनच घेतला नाही. कंत्राट संपलं ते पुन्हा झालं नाही. जायच्या आधीच्या दिवसांत मी व्हरांड्यातून निघाले की पोरं मागून मायचं वाक्य तिच्या सुरात म्हणायची. मी थांबून मागं बघायचे. जणू कुणीच काही म्हटलेलं नसायचं.

मृणाल शेवटच्या दिवशी भेटली. तू स्वतःचंच नुकसान करून घेतलंस, म्हणाली. तिचं काही नुकसान झालं नाही. पुढच्या परिषदेला ती गेली, दुसरा पेपर घेऊन.

सरांनी अण्णांना फोन केला असावा, कारण अण्णांच्या शेतात मायला कामाला बोलावणं बंद झालं. मायबरोबर कौसामावशीच्या सुनेलाही. वस्तीतल्या काही बाया माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. तुह्या शिक्षनापायी आमचं काम गेलं, असं एकीनं तोंडावर सांगितलं. तिचं खोटं नव्हतं. ॲप अजून चालू आहे. आमचा नळ अजून त्यात नाही.

मी चिखलीत एका खाजगी क्लासमध्ये पोरांना कॉम्प्युटर शिकवते. सुट्टीच्या दिवशी एसटीनं गावं फिरते. मेहकरकडं गेले, लोणारकडं गेले. बीबीला बाजाराच्या दिवशी एका भाजीवालीजवळ बसले. ती म्हणाली, तिच्या वस्तीत ॲपवाले आले होते, रस्त्यावरूनच फोटो काढून गेले. तिनं मला विचारलं, "तू कोनाकडून आली व बाई?" मी म्हणाले, कोणाकडून नाही. तिला ते पटलं नाही. मी दुसऱ्या बाजाराला पुन्हा गेले. तिसऱ्या वेळेला ती मोकळी बोलली.

ह्या बायांच्या बोलण्यातून मी नवा पेपर लिहिला. एकटीनं. त्यावर गाइड नाही, कॉलेज नाही. पोर्टलवर संस्थेचं नाव भरायची जागा असते, तिथं मी माझ्या गावाचं नाव टाकलं. इथं लपवलं, तिथं नाही लपवलं. मायनंच सांगितलं, टाक म्हणून. काम तर गेलंच आता, म्हणाली.

तो पेपर परत आला. परीक्षकानं लिहिलं होतं, की माहिती महत्त्वाची आहे पण सूर संतप्त आहे, शास्त्रीय लेखनाला तो शोभत नाही, जातीचे उल्लेख कमी केल्यास विचार करता येईल.

मी उल्लेख कमी केले नाहीत. इंग्रजी सुधारलं, दोन गावं वाढवली आणि दुसऱ्या परिषदेला पाठवला. तिथूनही येईल परत, तर तिसरीला पाठवीन. मला आता कुणाची सही नको आहे, म्हणून माझ्यावर कुणाचा दाब नाही. जे ॲप आमच्याकडं येईल ते कुणाला विचारून बनवलं, हे मी गावागावात जाऊन तपासणार आहे आणि बनवणाऱ्यांच्या नावासकट लिहिणार आहे. त्यांना माझी भाषा हसण्यासारखी वाटली तर त्यांनी हसावं. त्यांचं हसणंही मी पेपरात घालीन, तारीख आणि ठिकाण टाकून.